सुलटा दगड

दसरा सरला, की शहागंजाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये रिठ्याचा वास सुटतो. चांदी उजळायचे दिवस असतात ते. दुकानांच्या पायऱ्यांवर घमेली मांडलेली, त्यांत रिठ्याचं पाणी फेसाळलेलं, आणि पाण्यात वर्षभर काळवंडलेली निरांजनं, करंडे, पैंजण, बाळांचे वाळे बुडालेले. ऊन त्या दिवसांत डोक्यावर बसत नाही, तोंडावर येतं. दुपारी चारला ते गल्लीत तिरपं शिरतं आणि फडक्यानं पुसलेल्या प्रत्येक भांड्यावरून एकेक कवडसा समोरच्या भिंतीवर उडवतं. हा महिना मला फार आवडायचा. आता तीन वर्षं झाली, रिठ्याचा वास आला की मी रस्ता बदलतो.

यंदा बदलायचा राहून गेला. बायकोनं पणत्या आणायला पाठवलं होतं, पणत्यांवाली नेहमीच्या कोपऱ्यावर नव्हती, तिला शोधता शोधता मी नको त्या गल्लीत शिरलो. आणि कांतीशेठ सराफांच्या दुकानाच्या काचेत, निळ्या मखमलीवर, माझी सहा नाणी दिसली. काळवीट, बिबट्या, जायकवाडीचे रोहित पक्षी, वेरूळच्या डोंगरातला पावसाळी धबधबा, दौलताबादचा किल्ला. आणि घुबड. शेजारी तेच जुनं कार्ड, कडा पिवळ्या पडलेल्या. कार्डावरचा मजकूर माझाच होता. तो मी वाचला नाही, मला तो पाठ आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. शाळेत चित्रकलेचा तास हा इतरांचा राहिलेला अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी असतो, हे मी पंचवीस वर्षं हसून सोसलं. बोर्डावर रंगीत खडूनं सुविचार लिहायचे, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा, एवढीच माझी कला. म्हणून कांतीशेठनं बोलावून सांगितलं, की आपल्या मुलखातली जनावरं आणि डोंगर असलेली चांदीची नाणी दिवाळीला काढायची आहेत, चित्रं तुम्ही करा, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या हातून काहीतरी उरेल. कागद फाटतात, पडदे गुंडाळून माळ्यावर जातात. चांदी उरते. ही हाव मी कबूल करतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

घुबडाचं अशोकमुळे सुचलं. अशोक माझा जुना विद्यार्थी, चांगली रेघ असलेला. पुढे आयटीआय करून वाळूजला एका कारखान्यात लागला. आई लहानपणीच गेलेली, घरी वडील एकटे, म्हणून हा रोज दौलताबादहून मोटरसायकलनं कामावर जायचा. वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "सर, काळवीट-बिबट्या कोणीही काढंल. आमच्या पेरूच्या बागेमागं घुबडाची जोडी हाय. शिंगंवाली. येता का बघायला?"

त्या संध्याकाळी मी त्याच्या मागे बसून गेलो. किल्ल्याच्या पलीकडे एक उघडा काळा कडा आहे, बसलेल्या म्हशीसारखा, तोंड किल्ल्याकडे. आसपासचे लोक त्याला म्हैसच म्हणतात. म्हशीच्या गळ्याखाली एक कपार. खाली पेरूची आणि सीताफळीची झाडं, झाडांत पत्र्याचं घर, घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि अंगणात बाजेवर अशोकचे वडील, किसनआबा. पेरूंचा वास इतका दाट, की मला वाटलं कपडेही गोड झाले असतील.

"आबा, हे आमचे सर."

आबा बाजेवरून उठले. मी नको नको म्हणत असतानाही उठले. मला वाकून नमस्कार करणारी पालकमंडळी खूप भेटतात, पण त्यांच्या नमस्काराला एक वजन होतं. म्हणाले, "मास्तर हाय म्हनल्यावर उठावंच लागतं. आमच्या बापाला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाय. ह्यो पोरगा आत बाकावर बसला. बाकावर बसवनारा मानूस आमच्यासाठी लई मोठा."

मी हसून काहीतरी पुटपुटलो. असं कोणी बोललं की मी नेहमी पुटपुटतो, आणि मनातून सुखावतो.

मग आम्ही तिघं कपारीकडे बघत बसलो. ऊन म्हशीच्या पाठीवरून उतरलं. दगड जांभळा झाला. आणि कपारीच्या आतला अंधारच जणू थोडा पुढे सरकला. दोन शिंगं, दोन नारिंगी डोळे. मादी बाहेर येऊन कठड्यावर बसली आणि तिनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मागून नर घुमला. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी छातीत लागतो.

"भीती नाही वाटत, आबा? लोक अशुभ मानतात," मी म्हणालो.

"आमच्यात ते शुभ-अशुभ कवाच सोडलं, मास्तर. पाखरू हाय ते. उंदीर खातं. माझी बाग राखतं. ह्या पोरापरीस जास्त राखतं."

अशोक म्हणाला, "राखू द्या की. दिवाळीत ह्याला लई मागणी असते म्हणं, आबा. पूजेला, बळी द्यायला. देऊ का कोणाला एखादं?"

आबांनी खालचा खडा उचलून त्याला मारला. अशोकनं तो झेलला. दोघं बापलेक एकसारखे हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता, पाखरू उडेल म्हणून. मीही हसलो.

निघताना आबांनी माझा हात धरला. तोवर त्यांची नजर अधू होत चालली होती, बोलताना ते माणसाचा हात धरून ठेवत. "चित्र काढा. पन जागा कुनाला सांगू नका. ठाऊक हाय ते आपल्या तिघांनाच. पोरंसोरं दगडं मारतात, आन् मोठी मानसं त्याहून वाईट."

मी म्हणालो, "शब्द देतो, आबा."

शब्द. तोंडातून निघाला तेव्हा तो खरा होता, हे मला सांगायचं आहे. त्यानं काही फरक पडत नाही, हेही मला कळतं.

नाणं कसं होतं ते थोडं सांगायला हवं, कारण माझा गुन्हा त्या कामाच्या पद्धतीतच घडला. पोलादाचा ठसा असतो, त्यावर चित्र खोल कोरतात, आणि तो ठसा दाबाखाली चांदीच्या चकतीवर उतरतो. म्हणून ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. डावा पंख उजवीकडे, उजवा डावीकडे. तेव्हा कुठं चांदीवर सुलटं उमटतं. हे काम रशीदभाई करायचे. गल्लीच्या टोकाला त्यांची अंधारी खोली, खिडकीशी एक ठोकळा, डोळ्याला भिंग. उलटं बघण्याची त्यांना इतकी सवय, की दुकानाच्या पाट्या ते रिक्षाच्या आरशात वाचायचे आणि म्हणायचे, "अब सीधा दिखा."

मी त्यांना चित्र दिलं. घुबड पुढे, मागे म्हशीचा कडा. आणि आबांना दिलेला शब्दही सांगितला. त्यांनी भिंग वर सरकवलं.

"जगा छुपानी है? तो उसमें क्या है, मास्टर. परिंदे को उलटा कोरता मैं, पत्थर को सीधा छोड देता. सिक्के पे पत्थर उलटा आएगा. भैंस का मूं पलट जाएगा. गाँव का आदमी बी नइ पैचानेगा."

मी चाचणी घेतली. घरी जाऊन कडा उलटा करून कागदावर काढला आणि अशोकला दाखवला. जन्मापासून त्या कड्याखाली वाढलेला अशोक बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा कुठला डोंगर, सर? कन्नडकडचा का?" मला केवढा आनंद झाला! पुढच्या रविवारी मी ते आबांनाही सांगितलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हशीचं त्वांड फिरवता व्हय? फिरवा, फिरवा. लई मजेशीर मानूस तुमी."

त्या रविवारी मी सुखी होतो. चांगलं चित्र, दिलेला शब्द, आणि दोन्ही एकाच ठशात मावणारे. आयुष्यात असे दिवस थोडे येतात. पेरूंची पिशवी घेऊन परतताना मी मोटरसायकलवर मागे बसून गुणगुणत होतो.

मग शिशावरची छाप आली. ठसा पुरा होण्याआधी मऊ शिशावर दाबून बघतात, चित्र कसं उमटतंय ते. रशीदभाईंनी ती राखाडी चकती माझ्या तळहातावर ठेवली. घुबड सुरेख. पण मी चित्रात सांजेचं तिरपं ऊन डावीकडून घेतलं होतं, आणि दगड पालटल्यामुळे त्याच्यावरचं ऊन उजवीकडून आलं होतं. एका चकतीत दोन सूर्य. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. मला मात्र तेवढंच दिसायला लागलं. सहा नाण्यांत हे सर्वांत चांगलं व्हायला हवं होतं, आणि ते खोटं दिसत होतं.

मी म्हणालो, "रशीदभाई, दगड सुलटा घ्या. जसा आहे तसा."

"साया बदल देता ना मैं. धूप इधर की उधर. पत्थर वैसाइच रैने दो."

"नाही. तो ओढूनताणून केल्यासारखा दिसेल. मला हुबेहूब पाहिजे."

त्यांनी भिंग वर सरकवलं. "जुबान दिए थे ना तुम?"

मी म्हणालो, "नखाएवढा दगड आहे तो. कोणाला कळतंय?"

हे वाक्य मी बोर्डावर सुविचार म्हणून लिहू शकत नाही, पण स्वतःशी रोज म्हणतो. नखाएवढा दगड. कोणाला कळतंय. रशीदभाईंनी भिंग खाली ओढलं. जुना ठसा घासून त्यांनी दगड नव्यानं कोरला. जीव लावून कोरला, कारण त्यांना वाईट काम करताच येत नाही. म्हशीच्या गळ्याखालची कपार, तिच्यावरची आडवी चीर, चिरेतलं एकुलतं झुडूप, सगळं आलं.

हुबेहूब या शब्दाचा मला किती अभिमान होता! आमच्याकडे चित्राची स्तुती याच शब्दानं करतात. पूर्वी नाण्यांवर राजांची तोंडं असत. राजाचं तोंड घरोघर गेलं म्हणून राजाचं काही बिघडत नसे, उलट त्याचा वचक वाढे. जनावराचं तसं नाही. जनावर न दिसण्यावर जगतं. त्याचं घर हुबेहूब काढणं म्हणजे काय, हे चित्रकाराला कळायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी मुलांना 'नीट बघा' एवढंच शिकवलं. काही गोष्टींकडून नजर काढून घ्यायला शिकवलं नाही, कारण मला ते येत नव्हतं.

ठसे तयार झाले आणि कांतीशेठ घुबडावर अडले. "बिबट्या द्या, हरिण द्या. घुबड? ऐन दिवाळीत? मास्तर, माझं दुकान बंद करायचंय का तुम्हाला?"

इथं मी थांबलो असतो, तर नाणं निघालंच नसतं. पण मी म्हणालो, "शेठजी, लक्ष्मीचं वाहन आहे ते."

कांतीशेठच्या चेहऱ्यावर दिवा लागला. "अरे! हे लिहून द्या."

मी कार्डावर लिहून दिलं: 'लक्ष्मीचं वाहन, आपल्याच डोंगरातलं.' अक्षर वळणदार काढलं. सहांमध्ये घुबड सर्वांत आधी संपलं. दुसऱ्यांदा पाडावं लागलं. वाळूजच्या एका कारखान्यानं कामगारांना भेट म्हणून तेच उचललं. शाळेत माझा शाल देऊन सत्कार झाला.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी मी दुकानात उभा होतो. काम नव्हतं, लोक आपली नाणी घेताना बघायला उभा होतो. एक गिऱ्हाईक आलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कुंकू, बोलणं अदबीचं. त्यानं घुबडाचं नाणं उजेडात धरून फिरवलं आणि मला म्हणाला, "चित्र आपलं का? सुंदर. हा दगड तर किल्ल्यामागची म्हैस दिसतेय. नाही का?"

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मी हसलो. चित्रकाराला त्याचं चित्र ओळखल्याची पावती मिळाली की तो जसा हसतो, तसा. त्या माणसाला तेवढं पुरलं. नाणं कागदात गुंडाळून घेताना त्यानं मला वाकून नमस्कार केला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या घरी आले. एकटे, एसटीनं, विचारत विचारत. दारात उभे राहून त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसले. बायको खुर्ची पुढे करत राहिली, ते उठले नाहीत.

"मास्तर, मादी नेली. कपारीला दोराचा काच हाय. खाली दोन पिसं पडलेली. नर तीन सांजा घुमला. कालपासनं त्योबी नाय."

मला त्या क्षणी इस्त्रीचा शर्ट दिसला. मला सगळं कळलं होतं, त्यांचं पुढचं वाक्य येण्याआधीच.

"नेनारा माझ्या घरातलाच हाय," आबा म्हणाले. "जागा तिघांना ठाऊक. मी आंधळा होत चाललोय. तुमी तर दगडाचं त्वांडसुदिक फिरवलं. उरला कोन? त्यानंच म्हनलं व्हतं तुमच्यासमोर, दिवाळीत मागनी असते म्हनून. मी येड्यावानी हसलो."

"आबा, अशोक चेष्टेनं बोलला होता. तो असं करणार नाही."

"तुमाला तो विद्यार्थी दिसतो. मला त्याचा बाप व्हऊन बघावं लागतं."

त्या वेळी सांगायचं होतं. आबा समोर होते, पाण्याचा पेला त्यांच्या हातात होता, माझ्या खिशात किल्ल्या होत्या, मी कपाट उघडून नाणं आणून त्यांच्या हातावर ठेवू शकलो असतो. त्याऐवजी मी अशोकची बाजू घेतली. खऱ्याऐवजी चांगलं बोललो. अशोक कसा सालस आहे, वर्गात कसा होता, यावर मी दहा मिनिटं बोललो असेन. ते ऐकत होते आणि माझ्याविषयीचा त्यांचा आदर वाढत होता. मला तो वाढताना दिसत होता, आणि मी तो वाढू दिला.

नंतर कळलं, की बापलेकांचं बोलणं बंद झालं. अशोकनं वाळूजला खोली घेतली. आबा बागेत एकटे. शेजारची बाई भाकरी आणून देते. उंदरांनी पेरूची मुळं कुरतडली म्हणे, का कोणी पाणी दिलं नाही, निम्मी झाडं वाळली. मी हे सगळं ऐकत होतो. शाळेत मुलांना फळांची परडी काढायला देत होतो. दर दिवाळीला ठरवायचो की यंदा सांगू. मग स्नेहसंमेलनाचा पडदा यायचा, मग थंडी, मग उन्हाळा. माणूस कॅलेंडरमागे किती सहज लपतो.

यंदा काचेतलं ते नाणं बघितलं आणि पणत्या न घेताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी वाळूजला गेलो. तीनला पहिली पाळी सुटते. कंपन्यांच्या बस धूळ उडवत निघाल्या, मोटरसायकलींचा लोंढा आला, आणि त्यात अशोक होता. कानशिलांवर पांढरे केस. तीन वर्षांत एवढे? त्यानं मला बघितलं आणि गाडी बाजूला घेतली.

चहाच्या टपरीवर मी सगळं सांगितलं. ठसा, शिसं, दोन सूर्य, कार्ड, गिऱ्हाईक. तो चहा फुंकत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला माहीत होतं, सर."

"केव्हापासून?"

"कंपनीनं नाणं दिलं त्या दिवसापासून. डबी उघडली आणि म्हैस दिसली. पण म्हटलं, एवढं कोण बघतंय. मग आबांनी माझ्यावर आळ घेतला, तेव्हा त्यांच्या हातात नाणं ठेवलं. म्हटलं, बघा, सरांनी दगड सुलटाच काढलाय. त्यांनी बोट फिरवून बघितलं. त्यांना काय लागणार? म्हणाले, मास्तरांनी मला शब्द दिलाय. चोरी करून वर मास्तरावर घालतोस?"

"तू माझ्याकडे का नाही आलास?"

त्यानं पेला खाली ठेवला. "तुम्ही याल असं वाटलं होतं, सर. पहिलं वर्षभर वाटत होतं."

टपरीवाल्यानं आणखी दोन कटिंग आणून ठेवले, आम्ही न मागता. कोणीच ते प्यायलं नाही. मग अशोक उठला. "चला. माझ्यासमोर सांगा त्यांना."

तीन वर्षांनी मी त्याच्यामागे बसलो. पडेगाव मागे पडलं, किल्ला दिसायला लागला. रस्त्याला सीताफळांच्या पाट्या, शेवंती, सहलीच्या बस. बागेकडे वळताना अशोकनं गाडी हळू केली आणि आरशात बघून केस सारखे केले. त्याला आशा वाटत होती. तेवढी आशा मी त्याच्या पाठीमागे बसून वाहत होतो.

आबा अंगणातच होते. नजर आता जवळजवळ गेलेली. गाडीचा आवाज ऐकून मान वळवली.

"कोन?"

"मी चित्रकलेचा मास्तर, आबा."

ते उठायला लागले. मी खांदे धरून त्यांना बसवलं, समोर मातीत बसलो, आणि सांगितलं. काही गाळलं नाही. रशीदभाईंनी शब्दाची आठवण करून दिली तेही, मी हसलो तेही, तुम्ही घरी आलात तेव्हा मला ठाऊक होतं तेही. अशोक पेरूच्या वाळक्या खोडाला टेकून उभा होता. संपल्यावर मी त्यांचे पाय धरले.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्पर्श हळुवार होता.

"उठा, मास्तर. असं मातीत बसू नका."

"आबा, माझ्यामुळे..."

"कळलं मला. तुमचं काळीज लई मोठं हाय." त्यांनी मान वर केली आणि जिथं अशोक उभा होता तिथं, नेमकं तिथं, आंधळे डोळे लावले. "आरं, पाखरू इकलंस ते इकलंस. तीन वर्सं मी म्हनलं, जाऊ दे, पोटचं हाय, यील कवातरी, कबूल करंल. आन् तू ह्या देवमानसाला पढवून आनलास? त्यांच्या तोंडून खोटं बोलवलंस? मास्तराला माझ्या पायावर घातलंस?"

"आबा, मी खरं सांगतोय," मी ओरडलो. "मी त्याला घेऊन आलोय, त्यानं मला नाही."

"व्हय, व्हय," ते म्हणाले, लहान मुलाला म्हणावं तसं. "तुमी त्याला बाकावर बसवलंत. अजून बसवताय. पन ह्यो आता बाकावर बसायच्या लायकीचा राह्यला नाय."

अशोक गाडीकडे चालू लागला. मी आणखी बोललो, बरोबर आणलेलं नाणं त्यांच्या हातात दिलं, बोट धरून चिरेवरून फिरवलं. त्यांनी ते माझ्या खिशात परत ठेवलं आणि खिशावर थोपटलं.

हमरस्त्याला अशोकनं मला उतरवलं. इंजिन बंद केलं नाही. म्हणाला, "सर, आता परत येऊ नका. तुम्ही जितक्यांदा खरं सांगाल, तितक्यांदा मी मोठा चोर होईन." मग गाडी वाळूजच्या दिशेनं गेली, आणि मी रिक्षाची वाट बघत उभा राहिलो.

या गोष्टीला आज बारा दिवस झाले. माझ्या शब्दाला त्या अंगणात जी किंमत आहे, ती आता मला कमी करता येत नाही. तोंडानं तर नाहीच. म्हणून हे लिहिलं. छापून आलं, तर दौलताबादच्या बाजूला हे कोणाच्या तरी हाती पडेल. किल्ल्याच्या पलीकडे, काळ्या कड्याखाली, निम्म्या वाळलेल्या पेरूच्या बागेत किसनआबा राहतात. त्यांना दिसत नाही. कोणीतरी हे त्यांना वाचून दाखवावं. अशोकनं नव्हे, मीही नव्हे, ज्याचा यात काही संबंध नाही अशा माणसानं. आणि वाचताना एवढं करावं, की जिथं जिथं मास्तर असं आलं आहे तिथं तो शब्द गाळून नुसतं 'एक माणूस' असं वाचावं.